घाटातला काळा कातळ खालून वर आला कसा?

महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या बाजूने पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात लोक धबधब्यांसाठी थांबतात. पुढच्या वेळी थांबलात तर पाण्याइतकंच डोंगराकडेही बघा. रस्त्यासाठी तासलेल्या कड्याच्या पायथ्याशी दगडाचे तुकडे पडलेले असतात. त्यातला एक उचला. बाहेरून तो तपकिरी, गंज चढल्यासारखा दिसेल. पण ताजा फुटलेला असेल तर आतून निळसर काळा, घट्ट आणि आकाराच्या मानाने चांगलाच जड. उन्हात धरून जरा तिरका केला की त्यात बारीक पांढऱ्या काड्या लुकलुकतात. हाच आपला काळा पाषाण, बेसाल्ट. आपल्या घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांचे तट याचे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी यातच कोरलेली, आजीचं जातंही याचंच.

हा दगड ज्वालामुखीतून आला, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. कोट्यवधी वर्षांची झीज होऊनही ते आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरले आहेत. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३.०८ लाख चौरस किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज यावा. जमिनीवर पसरल्यानंतरची ही गोष्ट बऱ्यापैकी सांगितली जाते. पण जमिनीवर येण्याआधी हा रस कुठे होता, आणि तिथून इथवर कोणत्या वाटेने आला? मला तर ही आधीची गोष्टच जास्त विलक्षण वाटते.

त्यासाठी आधी एक चित्र मनातून पुसावं लागेल. पृथ्वी मधोमध कापलेली, वर पातळ साल आणि सालीखाली नारिंगी-लाल रंगवलेला जाड पट्टा. तो पट्टा म्हणजे प्रावरण. रंग बघून वाटतं की खाली उकळत्या रसाचा समुद्र आहे आणि वरची साल कुठे तडकली की तो उसळून बाहेर येतो. हे खरं नाही. प्रावरण घन आहे. आपल्या पायाखालचं भूकवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, म्हणजे मुंबईच्या सीएसएमटीहून ठाणं ओलांडून जरा पुढे जावं इतकं. त्याच्या खाली थेट २,९०० किलोमीटरपर्यंत जे आहे तो दगड आहे, कठीण, स्फटिकांनी बनलेला दगड.

इतक्या खोल कोणी गेलेलं नाही, मग हे कळलं कसं? भूकंपाच्या लहरींमुळे. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी तपासल्या आणि त्यात वेगवेगळ्या वेगाने येणाऱ्या लहरी ओळखल्या. पहिल्या लहरी खडकाला पुढे-मागे दाबत जातात. त्यांच्या मागून येणाऱ्या लहरी खडकाला आडव्या हलवत जातात, आणि या आडव्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, कारण द्रव आडवा ढकलला तर तो नुसता सरकतो, परत जागेवर येत नाही. प्रावरणातून मात्र या लहरी आरपार जातात. त्या थांबतात थेट २,९०० किलोमीटरवर, गाभ्याच्या बाहेरच्या थराशी. वितळलेल्या धातूचा तो थर खराच द्रव आहे. पण आपला बेसाल्ट तिथला नाही, तो प्रावरणातून आलेला आहे.

म्हणजे कोडं असं आहे: रस जिथून आला तिथे रस नव्हताच. तिथे पेरिडोटाइट नावाचा हिरवट, जड खडक होता. मग तो वितळला कशाने?

लोहाराच्या भट्टीतलं लालबुंद लोखंड आठवा. ते वितळलेलं नसतं, ऐरणीवर ठोक्यासरशी ठण्ण आवाज करतं, पण घणाखाली वाकतं आणि पसरतं. प्रावरणातला खडकही असाच घन पण लवचीक असतो. त्याच्या स्फटिकांमधले अणू एकेक जागा सोडत सरकतात आणि लाखो वर्षांच्या हिशोबात अख्खा खडक वाहतो. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात साधारण तितका. ही कल्पना पटायला जड जाते, पण तिचा पुरावा आजही मोजता येतो. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचा प्रचंड थर होता. तो वितळून हजारो वर्षं झाली, तरी तिथली जमीन अजून हळूहळू वर येतेच आहे, काही ठिकाणी वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर. बर्फाच्या भाराखालून बाजूला गेलेला प्रावरणातला खडक परत आत येतो आहे, म्हणून ती वर येते.

आता हा घन खडक कुठेतरी वर चढू लागला असं समजा. शंभर किलोमीटर खोलीवर त्याचं तापमान १,३५० अंश सेल्सिअसच्या पुढे असतं. हाच खडक जमिनीवर आणून १,१५० अंशांपर्यंत तापवला तर वितळू लागेल. खाली तो वितळत नाही, कारण त्याच्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे ३० हजार पट दाब आहे. वितळायचं तर स्फटिकांना सैल व्हायला थोडी जास्त जागा लागते आणि दाब ती जागा देत नाही.

घरातला कुकर याच नियमावर चालतो. कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या वर जातं तरी उकळून वाफ होत नाही, कारण आत दाब आहे. शिट्टी उचलून दाब सोडला की तेच पाणी बाहेरून एक अंशही उष्णता न मिळता एकदम उकळतं. प्रावरणातल्या खडकाचं तसंच होतं. तो शंभर किलोमीटर वर आला तर जेमतेम ४०-५० अंश थंड होतो, कारण दगड उष्णता फार सावकाश सोडतो. पण त्याच अंतरात दाब कमी झाल्यामुळे त्याचं वितळण्याचं तापमान तीनशे अंशांहून जास्त खाली येतं. वाटेत कुठेतरी दोन्ही आकडे गाठ खातात आणि खडक वितळायला लागतो. त्याला वितळवायला खाली कुठली वेगळी भट्टी लागत नाही, नुसतं वर येणं पुरतं.

(वितळवण्याचा दुसरा मार्ग पाण्याचा. समुद्रतळाचा खडक दुसऱ्या भूपट्टाखाली जातो तेव्हा सोबत पाणी नेतो, आणि पाणी मिसळलं की खडक कमी तापमानाला वितळतो. अंदमानजवळचा बॅरन बेटाचा ज्वालामुखी असा पेटलेला आहे. सह्याद्रीचा मात्र दाबाचाच मामला.)

वितळणं सुरू झालं तरी सगळा खडक वितळत नाही. शंभरातले दहा-वीस भाग वितळतात, बाकी दगडच राहतो. आणि जो भाग आधी वितळतो तो मूळ खडकासारखा नसतो. कुल्फी वितळू लागली की आधी बोटांवर ओघळतं ते दाट गोड दूध, आणि काडीला शेवटी उरतो तो फिका बर्फ. पेरिडोटाइटमधूनही कॅल्शियम, अॅल्युमिनियम, सोडियम, सिलिका यांचा वाटा जास्त असलेला रस आधी निघतो आणि मागे मॅग्नेशियमने भरलेल्या ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवे दाणे उरतात. या पहिल्या रसातून बेसाल्ट तयार होतो. जमिनीखाली असतो तोवर याला शिलारस म्हणायचं, बाहेर पडला की लाव्हारस.

आता खरा प्रश्न: घट्ट दगडाच्या आत, दाण्यादाण्यांच्या मध्ये तयार झालेला हा थेंबभर रस बाहेर निघतो कसा?

प्रयोगशाळेत ऑलिव्हिनचे दाणे आणि बेसाल्टचा रस प्रचंड दाबाखाली एकत्र तापवून, एकदम गार करून, कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. तेव्हा असं दिसतं की रस दाण्यांवर सुटे थेंब होऊन बसत नाही. तीन दाणे जिथे भेटतात त्या कडेकडेने तो बारीक नळ्यांसारखा पसरतो आणि या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. खडकात रस अगदी एखादा टक्का असला तरी ही जाळी अखंड असते. म्हणजे आपल्याला दगड दिसतो, पण आतून त्यात केसाहून बारीक वाटांचं जाळं तयार झालेलं असतं.

वाट आहे, पण ढकलणारं काय? इथे श्रीखंडाचा चक्का आठवावा. दही फडक्यात बांधून टांगलं की कोणी न पिळता रात्रभर पाणी ठिबकत राहतं आणि सकाळी घट्ट चक्का उरतो. दह्याचा घन भाग आपल्याच वजनाने बसत जातो आणि पाण्याला बाहेर काढतो. प्रावरणातही हेच चालतं, दिशा तेवढी उलटी. दगडाची घनता पाण्याच्या सुमारे ३.३ पट आणि रसाची २.८ पट. हलका रस वर सरकू पाहतो, आणि लवचीक दगड खाली बसत त्याच्या नळ्या पिळून बंद करत जातो. रस निघून गेला की मागे कोरडा, घट्ट खडक. १९८० च्या दशकात या पिळण्याचं गणित मांडलं गेलं आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली: रस तयार होता होताच निघून जातो. कोणत्याही क्षणी खडकात तो फार साचलेला नसतो. उकळत्या समुद्राचं ते नारिंगी चित्र इथे पुरतं कोसळतं. इतका कातळ ओतणारं प्रावरण त्या काळातही जवळजवळ कोरडंच होतं.

पण या नळ्यांतून नुसता झिरपत आला असता तर रस वाटेतल्या प्रत्येक दाण्याशी देवाणघेवाण करत आला असता, आणि वरच्या थरांना साजेसा होऊन बसला असता. प्रत्यक्षात पृष्ठभागावरच्या बेसाल्टमध्ये खोलवरच्या खुणा टिकून असतात. म्हणजे वाटेत कुठेतरी त्याला हमरस्ता मिळाला असला पाहिजे. हा हमरस्ता डोळ्यांनी बघता येतो, ओमानमध्ये. मस्कतला बरीच मराठी मंडळी आहेत आणि सुटीत वाळवंटी डोंगरांत फिरतात. त्यातले कित्येक डोंगर हे चक्क प्रावरणाचे तुकडे आहेत. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा भाग, त्याखालच्या प्रावरणासकट, तिथे जमिनीवर चढून बसला आहे. त्या गंजकट तपकिरी खडकात अधूनमधून वेगळ्याच खडकाचे गुळगुळीत पिवळसर पट्टे दिसतात, कुठे वीतभर रुंद, कुठे शंभर मीटरच्या आसपास. हे पट्टे जवळजवळ निव्वळ ऑलिव्हिनचे आहेत, त्यांना ड्यूनाइट म्हणतात. वर जाणारा रस वाटेतलं पायरॉक्सिन नावाचं खनिज विरघळवतो आणि त्या जागी ऑलिव्हिन ठेवून पुढे जातो. जिथून जास्त रस गेला तिथला खडक जास्त पोकळ झाला, म्हणून आणखी रस तिकडेच वळला. पहिल्या पावसात माळावर ओघळ पडतात, ओघळांचा ओढा होतो, तसंच. फरक इतकाच की इथे ओढा खालून वर वाहतो आणि त्याचं पात्रही दगडाने भरलेलंच असतं.

हा ओढा किती वेगाने वाहतो? आइसलँडने याचं उत्तर दिलं. हिमयुग संपताना तिथला जाड बर्फ वितळला, भार उतरला, म्हणजे कुकरची शिट्टीच उचलली गेली. खालचा खडक जास्त वितळू लागला आणि पुढची हजार-दीड हजार वर्षं तिथले उद्रेक कितीतरी पटींनी वाढले. बर्फ गेल्यानंतर इतक्या लवकर रस वर पोचला, यावरून त्याचा वेग वर्षाला किमान ५० मीटर तरी निघतो. घन खडक वर्षाला काही सेंटीमीटर, आणि त्याच्याच पोटातला रस त्याच्या हजार पट वेगाने. हा हिशोब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

पृष्ठभागाजवळ आल्यावर चाल पुन्हा बदलते. वरचा खडक थंड आणि कडक असतो, तिथे पिळणं-झिरपणं चालत नाही, तो तडकतो. रस फटीत घुसतो, फट पुढे फाडतो, आणि मागे भिंतीसारखा गोठतो. अशा भिंतीला भूशास्त्रात डाइक म्हणतात. २०१४ साली आइसलँडमधल्या बार्दारबुंगा ज्वालामुखीखालून अशी एक फट निघाली आणि दोन आठवड्यांत ४५ किलोमीटर सरकली. वाटेत होणाऱ्या हजारो बारक्या भूकंपांवरून शास्त्रज्ञ ती रोज कुठवर आली ते नकाशावर मांडत होते. याहून वेगाने आलेले रसही आहेत. पन्नाजवळच्या मझगवाँचे हिरे दीडशे किलोमीटरहून खोल तयार झाले आणि अशाच फटींतून काही तासांत, फार तर काही दिवसांत वर आले. रमतगमत आले असते तर वाटेतच त्यांचं ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, होऊन गेलं असतं.

आपल्याकडे डाइक बघायचे तर नंदुरबार-धुळ्याकडे जावं. तिथे सपाट माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब, सरळ, पूर्व-पश्चिम भिंती उभ्या आहेत. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि या भिंती उरल्या. काही तर दहा-वीस किलोमीटरहून लांब जातात. जवळ जाऊन नीट पाहिलं तर भिंतीच्या कडेचा दगड अगदी बारीक कणांचा, काचेसारखा असतो, कारण थंड खडकाला टेकताच तो झटकन गोठला. मधला दगड सावकाश गोठला, म्हणून त्याचे कण मोठे. हात लावला तर बोटांना फरक कळतो.

शिलारस नेहमी एका दमात वर येत नाही. भूकवचाच्या तळाशी त्याला मुक्काम पडतो. वरचा ग्रॅनाइटसारखा खडक रसाइतकाच, किंबहुना थोडा हलकाच असतो, त्यामुळे वर चढायचा जोर ओसरतो. मुक्कामात रस थोडा गार होतो आणि त्यातून स्फटिक धरायला लागतात. आधी ऑलिव्हिन खाली बसतं, त्यासोबत मॅग्नेशियम जातं. सह्याद्रीच्या बहुतेक बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड पाच ते सात टक्केच असतं. प्रावरणातून थेट आलेल्या रसात ते याच्या दुप्पट तरी हवं. म्हणजे हातातला दगड मधल्या मुक्कामात बरंच काही खाली ठेवून आलेला आहे.

या मुक्कामाची सगळ्यात देखणी खूण सह्याद्रीच्या खालच्या थरांत आहे. मंचर, गिरवली या गावांच्या नावाने ओळखले जाणारे काही थर असे आहेत की काळ्या दगडात फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या काड्या दोन-दोन, तीन-तीन सेंटीमीटर लांब, बोटाच्या पेराएवढ्या, आडव्यातिडव्या रुतलेल्या असतात. एवढे स्फटिक जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्यात वाढू शकत नाहीत, तो त्याआधीच गोठतो. ते खाली अंधारात निवांत वाढले आणि मग रसाबरोबर उचलले गेले.

मुक्कामात दुसरीही गोष्ट घडते: रस भोवतालचं भूकवच थोडं वितळवून आपल्यात घेतो. ते भूकवच आपल्या काळ्या कातळाखाली सगळीकडे आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि त्याखाली फार जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. त्याची रासायनिक चव वेगळी असते आणि रसात थोडी मिसळली तरी कळते. भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या थरांना आपल्या गावांची, घाटांची, डोंगरांची नावं दिली आहेत. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. यातल्या बुशे थरात भूकवचाची भेसळ सर्वांत जास्त. पोलादपूरमध्ये ती कमी होत जाते, आणि आंबेनळीत सर्वांत कमी. एक सरळ अर्थ असा लावता येतो की आधीच्या रसांनी वाटेच्या भिंती लिंपून टाकल्या आणि नंतरचा रस त्या वाटेने जवळजवळ न बाटता वर आला.

म्हणून सुरुवातीला तुम्हाला त्या घाटात थांबवलं. महाबळेश्वरहून खाली उतरताना माथ्यावर महाबळेश्वरचा थर, मधे आंबेनळीचा, तळाकडे पोलादपूरचा. रस्ता नवीन थरातून जुन्यात जातो. प्रावरणाची खरी चव हवी असेल तर दख्खनभर फिरून भूशास्त्रज्ञ मधल्या आंबेनळीच्या थराकडेच येतात. हा रस वर आल्यावरही थांबला नाही. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या मुखाकडे जो बेसाल्ट आहे त्याची रासायनिक ओळख आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळते.

एवढा खडक वर चढायला लागला तरी कशाने? बहुतेक भूशास्त्रज्ञ म्हणतात की प्रावरणाच्या तळापासून जास्त तापलेल्या घन खडकाचा एक स्तंभ वर आला आणि त्याचं रुंद डोकं तेव्हा भारताखाली येऊन टेकलं. काहींना हा स्तंभ मान्य नाही, त्यांच्या मते सेशेल्सचा भाग भारतापासून तुटताना भूकवच ताणलं गेलं, तेच पुरेसं होतं. स्तंभाच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष समुद्रात आहे. भारत उत्तरेकडे सरकत गेला, तापलेली जागा मागे राहिली, आणि वाटेवर ज्वालामुखींची रांग उमटली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस. १९८७ मध्ये समुद्रतळ खणून या रांगेतले नमुने काढले गेले. मालदीवजवळचा बेसाल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा निघाला, छागोसजवळचा ४.९ कोटी वर्षांचा. दक्षिणेला जावं तसतसं वय उतरत जातं.

रांगेच्या टोकाला, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर, रियुनियन बेट आहे. तिथला पितों दे ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. तिथे दर थोड्या काळाने जमीन फुगते, बारके भूकंप होतात, फट उघडते आणि लाल रस डोंगरउतारावरून समुद्राकडे धावतो. गार झाल्यावर तोही आतून निळसर काळा असतो.